आबांचं पान

सुमित्राच्या देवघरातल्या पळीचं सगळ्या मालवणात कौतुक होतं. पळी कसली, लांब दांड्याचा मोठा चमचाच तो, पण दांड्याच्या मागच्या बाजूला पंख पसरलेला पक्षी आणि त्याच्या पायाखाली स्वस्तिक. आता एवढं बघितल्यावर कोण काय म्हणेल? गरुड म्हणेल. भटजी म्हणाले, विष्णूचं वाहन आणि शुभचिन्ह एकाच पळीवर, बाई, तुमचं भाग्य थोर. तेव्हापासून ती पळी पंचपात्रात. सत्तर वर्षं त्या घरात तीर्थ त्याच पळीनं वाटलं गेलं, आणि सर्वपित्री अमावस्येला पितरांना पाणीही तिनंच सोडलं गेलं.

ती पळी आली कशी, तेही सुमित्राला चांगलं आठवत होतं. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, ती पहिलीत असताना, एक लंगडा माणूस दुपारच्या उन्हात त्यांच्या पडवीत येऊन बसला होता. अंगात जाड कोट, मालवणच्या उन्हात कोट! आयेनं धाकट्या भावाला, उपेंद्रला, कडेवर घेऊनच पाण्याचा तांब्या आणून ठेवला. माणसानं सुमित्राचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग तो किती तरी वेळ काहीच बोलला नाही, आणि पाणीही प्यायला नाही. जाताना त्यानं पिशवीतून तो चमचा काढून तिच्या हातात दिला. आये म्हणाली, "पाया पड त्येंच्या." सुमित्रा पडली. कोण होते विचारलं तर आये म्हणाली, वाटसरू. संध्याकाळी आबा कामावरून आले तेव्हा आयेनं चूल पेटवली नव्हती, एवढं तिला पक्कं आठवत होतं.

आबा म्हणजे तिचे काका. जन्मदाता बाप श्रीपाद तारी, गोऱ्यांच्या मालवाहू बोटीवरचा खलाशी. चाळीस सालच्या नोव्हेंबरात आयर्लंडच्या पश्चिमेला 'इन्व्हरकार्न' नावाची ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. घरी तार आली: बेपत्ता, बुडाल्याचं गृहीत. दोन महिन्यांनी सुमित्रा जन्मली. तीन वर्षांनी गावच्या पंचांनी बसून आयेचा पाट धाकट्या दिराशी लावून दिला. त्यांच्या गाबीत समाजात त्यात काही वावगं नव्हतं, उलट माणूस घरातलाच म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि आबांनी केलं हो! बंदरावरच्या जकात कचेरीत कारकुनी करणाऱ्या त्या माणसानं सुमित्राला मांडीवर बसवून पाटीवर इंग्रजी अक्षरं गिरवायला शिकवली. गोवराच्या तापात तिला खांद्यावर टाकून रात्रभर अंगणात फेऱ्या मारल्या. गावातली पहिली मुलगी मॅट्रिक झाली ती आबांमुळे, शाळेत मास्तरीण लागली ती आबांमुळे. लोक म्हणत, सख्खा बाप असता तरी एवढं केलं नसतं. सुमित्रा स्वतः म्हणायची, मला देवानं दोन बाप दिले, एक समुद्रानं नेला आणि एक घरात राहिला.

दर सर्वपित्रीला आबा भावाचं पान वाढायचे. भाताचा पिंड, वडे, खीर. पान परसात ठेवून कावळ्याची वाट बघत उभे राहायचे. पण श्रीपादच्या पानाला कावळा काही लवकर शिवायचा नाही. आबा हात जोडून मोठ्यानं म्हणायचे, तुझ्या मुलीला शिकवतो, तुझ्या मुलीचं चांगल्या घरी लग्न करतो, आता तरी शिव. कावळा कौलांवर बसून मान वाकडी करून बघत राही. शेवटी गुडघे दुखायला लागले की आबा दर्भाचा कावळा करून पानाला शिववत आणि आत निघून जात. आये त्या दिवशी न चुकता माहेरी गेलेली असे.

आबा गेल्यावर उपेंद्र दोन पानं वाढू लागला, एक मोठ्या काकांचं, एक वडिलांचं. आये त्यानंतर पंधरा वर्षांनी गेली. शेवटच्या आठवड्यात ती फारसं बोलत नव्हती. एकदाच सुमित्राचा हात धरून म्हणाली, ती पळी टाकू नको.

तर अशी ती पळी दोन हजार अठरा सालच्या मे महिन्यात सुमित्राच्या सामानातून आयर्लंडला पोचली. मुलगी वृंदा आणि जावई ज्ञानेश डब्लिनजवळ डून लेरीला राहत, ज्ञानेशची नोकरी चेरीवूडला, एका सॉफ्टवेअर कंपनीत. सत्त्याहत्तराव्या वर्षी सुमित्रा एवढी लांब आली ती एकाच कामासाठी. ज्या पाण्यात बाप गेला त्या पाण्याच्या काठावर एकदा स्वतःच्या हातानं त्याचं पान ठेवायचं, म्हणजे डोळे मिटायला मोकळी.

पहिल्याच सकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, देव मांडले आणि पळी काढली. ज्ञानेशनं ती उलटी करून बघितली आणि त्याचा चहा हातातच राहिला. तो म्हणाला, आई, हा गरुड नाही. हे हिटलरच्या नौदलाचं चिन्ह आहे, इथे कोणाला दाखवू नका. सुमित्राला हसूच आलं. म्हणजे सत्तर वर्षं आम्ही हिटलरच्या चमच्यानं तीर्थ प्यायलो म्हणायचं! तिनं त्याला लंगड्या वाटसरूची गोष्टही सांगितली, होता कोणी तरी खलाशी, कुठल्या तरी बंदरातून उचललं असेल. ज्ञानेश तेव्हाही हसला नव्हता, पण ते तिच्या नंतर लक्षात आलं.

ज्ञानेशला त्या पाणबुडीचं वेड लागलेलं. यू-११४. सासऱ्याच्या सासऱ्याला बुडवणारी म्हणून सुरुवात केली आणि मग अडकलाच. पश्चिमेच्या किनाऱ्यावर एका गावात डोनल नावाचे निवृत्त शिक्षक होते, तेही गेली वीस वर्षं तिचाच इतिहास जमवत होते. दोघांची पत्रापत्री चाले. रात्री जेवताना ज्ञानेश सांगायचा: चाळीसच्या वसंतात कीलला नौदलात दाखल, एकूण सहा फेऱ्या, नऊ जहाजं बुडवली, बेचाळीसमध्ये बिस्केच्या उपसागरात सगळ्या माणसांसकट तळाला गेली. सरकारी माणसाच्या सेवापुस्तकासारखं सगळं लिहून ठेवलंय बघा आई, कधी निघाली, कधी परतली, कुठे तेल घेतलं. तुमच्या वडिलांची बोट तिसऱ्या फेरीतली. सुमित्रा ऐकायची. बापाला मारणाऱ्या यंत्राची एवढी बडदास्त तिला खटकायची, पण जावयाचं मन मोडवत नव्हतं.

जूननंतर मात्र जावईबापूंची गाडी गप्प झाली. पाणबुडीचं नाव काढलं की म्हणे, ऑफिसचं काम वाढलंय. वृंदा विषय बदलायची. सुमित्रानं सर्वपित्रीला पश्चिमेच्या किनाऱ्यावर जायची आठवण करून दिली तर वृंदा म्हणाली, आई, इतक्या लांब कशाला, इथलाच समुद्र काय वाईट आहे? सुमित्रा चाळीस वर्षं वर्गात मुलांची तोंडं वाचत आलेली बाई. काहीतरी लपवताहेत हे तिला कळत होतं. पण तिला वाटलं, जावयाची नोकरी डळमळली असेल. तिनं देवापाशी त्याच्या नोकरीसाठी साकडंही घातलं, बिचारीनं.

अखेर तिनं हट्टच धरला तेव्हा ऑक्टोबरात, सर्वपित्रीच्या दिवशी निघाले. बाजारातून गोठवलेली केळीची पानं आणली होती, पहाटे उठून सुमित्रानं वडे तळले, खीर केली, भाताचे दोन पिंड वळले. दोन, कारण सवय. एक बापाचा, एक आबांचा. आबांना कशाला वगळायचं, ते तर तिचे खरे पोसणारे.

ॲथलोनला चहाला थांबले तेव्हा ज्ञानेश गाडीतून उतरून वृंदाशी काहीतरी हलक्या आवाजात बोलत राहिला. सुमित्राला काचेतून दिसत होतं. वृंदानं दोनदा नकारार्थी मान हलवली आणि डोळे पुसले. परत येऊन म्हणाली, थंडी फार आहे.

गावात पोचल्यावर बेत सरळ किनाऱ्यावर जायचा होता. पण समाजमंदिरासारख्या एका लहानशा हॉलच्या दारात लोकरी टोपी घातलेले एक उंच म्हातारे उभे होते. त्यांनी गाडीतले चेहरे पाहिले आणि हातच वर केला. हेच डोनल. ज्ञानेश काच खाली करून म्हणू लागला की आम्हाला उशीर झालाय, परत येताना भेटू. सुमित्रानं त्याला थांबवलं. या माणसाच्या वडिलांनी त्या बोटीवरची माणसं किनाऱ्यावर ओढून घेतली होती, हे ज्ञानेशनंच तिला सांगितलेलं. त्यांचे आभार मानल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती.

हॉलमध्ये शेगडी पेटलेली, टेबलावर चहा आणि पाव. सुमित्रानं आपल्या शाळेतल्या इंग्रजीत नीट शब्द लावून आभार मानले. म्हातारा गहिवरला. त्यानं एक जाडसर पुस्तिका तिच्या पुढ्यात ठेवली, यू-११४ चा सेवा-इतिहास, परवाच छापून आलेला. तिसरी फेरी उघडून दिली आणि चष्मा पुसत म्हणाला की तुमच्या वडिलांचं पान बघा, हे सापडायला मला दोन वर्षं लागली.

सुमित्रानं वाचलं. बोट दुपारी बुडाली. पाणबुडी वर आली, होड्यांजवळ गेली, बोटीचं नाव विचारलं. मग तीन माणसं कैद केली. कप्तान, तारायंत्रवाला, आणि तराफ्यावरचा एक हिंदी खलाशी. त्याचा उजवा पाय मोडला होता आणि पाणबुडीवर जखमा बांधणारा माणूस होता, म्हणून घेतला. पुढे नाव होतं. श्रीपाद तारी, मालवण.

तिनं ते नाव तीनदा वाचलं. मग विचारलं, पुढे?

डोनलला वाटलं बाईला सगळं ठाऊक आहे, तिला फक्त कागद बघायचे आहेत. त्यात त्याचा काय दोष? त्यानं आनंदानं फाइल उघडली. जर्मनीतल्या कैदी-छावणीचं कार्ड. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये सुटका. सेहेचाळीसमध्ये मुंबईला रवाना. आणि हे बघा, तो म्हणाला, कैद्यांचं टपाल पोचवणाऱ्या संस्थेनं एका पत्राची फोटोप्रत जपून ठेवली होती, घरून आलेलं एकमेव पत्र. तुमच्या जावयाला जूनमध्येच पाठवली होती मी.

ज्ञानेश उठून उभा राहिला. "आई, ते नंतर वाचू," म्हणाला. सुमित्रानं त्याच्याकडे न बघता कागद ओढून घेतला.

सही बघायची गरजच नव्हती. तो गोल पोटाचा 'ए', खाली शेपूट ओढलेला 'वाय', उजवीकडे झुकलेली ओळ. याच अक्षरावर पाटीची पेन्सिल धरून तिचा हात फिरवला गेला होता. एकेचाळीस सालचा ऑगस्ट. ती तेव्हा सात महिन्यांची असेल.

चार ओळींचं पत्र. तुझं कार्ड मिळालं, तू जिवंत आहेस वाचून देवाचे आभार मानले. कळवायला वाईट वाटतं की वहिनी बाळंतपणात गेली. मूल जगलं नाही. इथे आता तुझं कोणी उरलेलं नाही, तेव्हा सुटलास तर तिकडेच कुठे जम बसव.

मूल जगलं नाही. सुमित्राची नजर त्या ओळीवरून हलेना. सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी, गुडघ्यांना पट्टे, तोंडात कवळी, परक्या मुलखात शेगडीपुढे बसून स्वतःच्या मरणाची बातमी वाचत होती, आणि ज्यानं लिहिली होती त्याच्याच शिकवणीवर वाचत होती. जाड कोट घातलेला तो माणूस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यानं नाव विचारलं होतं. तिनं ऐटीत सांगितलं होतं, सुमित्रा श्रीपाद तारी. मग तो गप्प झाला. मेलेली मुलगी परकर सावरत समोर उभी, मेलेली बायको दारात, तिच्या कडेवर मूल. काय बोलणार होता? पाणीसुद्धा उतरलं नसेल त्याच्या घशाखाली. आणि ती पाया पडली होती, वाटसरूच्या!

तो कुठे गेला, कधी मेला, फाइलमध्ये काही नव्हतं. डोनल म्हणाला, मुंबईनंतर शोध लागला नाही. आता त्याच्याही ध्यानात येऊ लागलं होतं की काहीतरी चुकलंय. तो चहाची किटली घेऊन आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

वृंदा रडत जवळ आली. तिचं म्हणणं एवढंच होतं की या वयात कशाला तुला त्रास, आबांवर तुझा किती जीव, आम्हाला वाटलं तू शांतपणे पाणी सोडून परत जाशील, कोणाचं काय बिघडणार होतं? ज्ञानेश खाली मान घालून म्हणाला, सांगणार होतो, धीर झाला नाही.

सुमित्रानं कागदाची घडी घातली. एरवी परदेशात मुलीजावयाशी ती प्रमाण मराठीत बोलायची, मास्तरणीची सवय. आता तिच्या तोंडून घरची बोली आली. "आबान माका मारलां, आयेन गप ऱ्हवान पुरलां, आणि तुमी चार म्हयने त्येच्यार माती लोटलात. माज्या मराणाची बातमी सुदा माका परक्या माणसान दिली."

ज्ञानेशनं टेबलावरची फाइल मिटली.

तरी ती किनाऱ्यावर गेली. वृंदाला वाटलं आता परत फिरू, पण सुमित्रानं डब्यांची पिशवी स्वतः उचलली आणि दगडांवरून चालू लागली. वारा पदर ओढत होता. पलीकडे मेंढ्यांचं कुंपण, कुंपणाच्या तारेवर दोनचार कावळे, इथले, अंगानं राखाडी आणि डोक्यापंखांनी काळे. ज्ञानेशनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं की कावळ्यांची काळजी करू नका, इथे ढिगानं आहेत.

तिनं एका सपाट खडकावर दोन्ही पानं मांडली. दोन्हींवर पिंड ठेवले, वडे ठेवले, तीळ घातले. मग पळी हातात घेतली आणि बापाच्या पानापुढे तशीच बसून राहिली. कुठलं पाणी सोडायचं? तो या समुद्रात नव्हताच कधी. सगळा जन्म या पळीनं त्याला पाणी सोडलं, तेव्हा त्यातली किती वर्षं तो कुठल्या तरी बंदरात लंगडत भात शिजवून खात होता, कोणास ठाऊक. त्याचाच चमचा आणि त्याचंच जिवंतपणीचं श्राद्ध. आबा मात्र हात जोडून कावळ्याला सांगत, तुझ्या मुलीला शिकवतो, आता तरी शिव. कोणाला फसवत होते ते? कावळ्याला? की मागीलदारी उभं राहून टाळ्या पिटणाऱ्या तिला?

आणि आबांनी तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या त्या काय खोट्या होत्या? तो ताप खरा होता, तो खांदाही खरा होता. हेच तर तिला सोसवत नव्हतं. नुसता दुष्ट माणूस असता तर थुंकून मोकळी झाली असती.

तिनं बापाचं पान उचललं. पिंड परत डब्यात ठेवला, पान पुसून चौकोनी घडी घातली. म्हणाली, ह्यांचं मी काही करणार नाही, हे कुठे गेले ते कळेपर्यंत नाही. ज्ञानेश पटकन म्हणाला, मी शोधतो आई, मुंबईच्या बंदराची जुनी दप्तरं असतील, मी सगळं करतो. तिनं मान हलवली, होकाराची की नकाराची ते त्याला कळलं नाही.

खडकावर आबांचं पान एकटंच उरलं. मालवणात उपेंद्रनं आज सकाळीच वडिलांचं पान वाढलं असेल, कावळा लगेच शिवला म्हणून फोटो पाठवला असेल. आबांच्या पानाला कावळा नेहमी लगेच शिवायचा. गाव म्हणायचं, पुण्यवान आत्मा, काही इच्छा राहिलेली नाही.

इथेही तसंच झालं. सगळे दोन पावलं मागे सरले न सरले तोच तारेवरचा एक कावळा उडाला, खडकावर उतरला आणि मान वाकडी करून पिंडाकडे बघत पुढे आला. दोन उड्या, आणखी एक. चोच खाली गेली.

सुमित्रा उठली आणि पळी उगारून त्याच्या अंगावर धावली. "हाड्!"

कावळा उडाला. पुन्हा तारेवर जाऊन बसला. वृंदाला काही उमजेना. तिनं आईचा दंड धरला. लहानपणापासून तिनं एकच बघितलं होतं, कावळा शिवावा म्हणून घरादारानं हात जोडायचे, नवस बोलायचे, त्याच्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. "आई, शिवू दे ना," ती म्हणाली. "नाही शिवला तर ते अडकून राहतील."

"म्हणानच," सुमित्रा म्हणाली. "मी शिवाक देवचंय नाय."

तिनं दगडावर पदर पसरला आणि आबांच्या पानाशेजारी मांडी घालून बसली. कावळा दोनदा आला, दोन्ही वेळा तिनं हाकलला. दुपार कलली, ज्ञानेशनं गाडीतून शाल आणून तिच्या खांद्यावर घातली, वृंदानं डब्यातला घास पुढे केला तो तिनं घेतला नाही. भरतीचं पाणी अजून लांब होतं. पळी हातात धरून ती आबांचं पान राखत बसून राहिली.